सासूबाईंचं दुसरं न्हाण

माझ्या सासूबाईंना अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा न्हाण आलं, आणि आळीतल्या बायकांनी वाजतगाजत त्यांची ओटी भरली. त्या बायकांत मीही होते. नुसती होते असं नाही, खीर मीच केली होती. आज हे सांगताना मला हसू येतं आणि स्वतःचा कान धरून पिळावासाही वाटतो.

मी साताऱ्याची. वडील कचेरीत कारकून, घर भाड्याच्या दोन खोल्यांचं. मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन इस्लामपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात आले. बाहत्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा. घरात आम्ही तिघंच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामंजी. मामंजीही फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. विहिरीखाली ऊस होता, दारात दोन म्हशी होत्या, आणि आत्याबाई अंगानं इतक्या भरलेल्या, की त्या पाटावर बसल्या की पाट दिसायचा नाही.

माहेरी आमच्या आईनं विटाळ कधीच मनावर घेतला नव्हता. दोन खोल्यांत वेगळं बसायला जागाच नव्हती, त्यामुळे पुढारलेपण आपोआप आलं. सासरी मात्र चार दिवस म्हणजे चार दिवस. गंमत अशी, की त्या दिवसांत मळ्यात भांगलायला जायला कुणाची ना नव्हती. खुरपं चालायचं, म्हशीचं शेण चालायचं. चूल, देव, पाण्याचा हंडा आणि लोणच्याची बरणी तेवढी बंद. झोपायला बाहेरच्या सोप्यात वेगळं घोंगडं. मी नवी नवी वाद घालायचे.

"आत्याबाई, आपल्या हातानं ऊस नाही बाटत, मग लोणचं कसं बाटतं?"

"ऊस कारखान्याला जातोय," त्या म्हणायच्या. "लोनचं आपन खातो."

खरं सांगायचं तर चार दिवस चुलीपासून सुटका मिळायची, आणि आत्याबाई स्वतः भाकरी थापून माझ्या पुढ्यात ताट सरकवायच्या. त्यांची पाळी जाऊन सात वर्षं झाली होती. त्यामुळे विसाव्याचा मान माझा आणि राबण्याचा त्यांचा, अशी आमची वाटणी ठरून गेली होती.

एका सकाळी उठून बघते तर आत्याबाई सोप्यात. वेगळ्या घोंगड्यावर पाय पसरून बसलेल्या.

"च्या कर गं," त्या म्हणाल्या. "मला कावळा शिवलाय."

मला आधी कळेचना. "कुणाला?"

"मला. आनि कुनाला? म्हसरास्नी?"

त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती, पण ती चार आणे. बारा आणे खुशी होती. "अंगात अजून रग हाय म्हनायचं," असं त्या स्वतःशीच दोनदा म्हणाल्या. मामंजींनी ते ऐकलं, गांधी टोपी डोक्यावर ठेवली आणि चहा न घेताच मळ्याकडे निघून गेले.

गावात असल्या बातमीला दवंडी लागत नाही. पाचव्या दिवशी आत्याबाई डोक्यावरून न्हाल्या आणि दुपारी आळीतल्या आठ-दहा जणी दारात हजर. कुणी खण आणला, कुणी नारळ, एकीनं तर मळ्यातून केळीचे दोन खांब तोडून आणले. पूर्वी पोरीला पहिलं न्हाण आलं की मखरात बसवायचे, तसं त्यांनी आत्याबाईंना दोन खांबांच्या मध्ये बसवलं. रांगोळी घातली, हिरव्या बांगड्या भरल्या, तांदूळ-नारळानं ओटी भरली. एक म्हातारी म्हणाली, "आता पाळना बी माळ्यावरनं काढून ठेवा." दुसरी म्हणाली, "हवालदारास्नी तार करा, ड्यूटी लागली म्हनावं." हवालदार त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मळ्यातून परतले नाहीत. आत्याबाई इतक्या हसल्या, की हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि बांगड्यांवर टपटपलं. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना त्यात वावगं काही दिसलंच नाही. गेलेलं तरुणपण दारात परत आलं, तर त्याला ओवाळायचं, एवढीच आमची अक्कल.

दोन महिन्यांनी कावळा पुन्हा आला. मग तीन आठवड्यांनी, मग नवव्या दिवशी. कधी नुसता डाग, कधी मटण धुतलेल्या पाण्यासारखं तांबूस, कधी चांगलं चार दिवस. आत्याबाई दर वेळी नेमानं सोप्यात जाऊन बसायच्या आणि मी दर वेळी चुलीपुढे. भिंतीवरच्या कॅलेंडरावर मी पेन्सिलीनं टिंबं काढायला लागले. काळजीनं मुळीच नाही. आपल्याला सुट्टी कधी मिळणार, ते बघायला. माझ्या वाटणीचा विसावा त्यांनी पळवला, म्हणून मी घुश्शात होते. एकदा तर मीच म्हणाले, "आत्याबाई, तुमचं वय झालं. तुम्ही कशाला बसता आता? गपचूप घरात वावरा. कुणाला कळतंय?" त्या जराशा विचारात पडल्या आणि "बगू फुडच्या बारीला" म्हणाल्या. मी सुधारक म्हणून स्वतःवर खूश झाले. ती सुधारणा तेव्हा झाली असती, तर आज ही गोष्ट सांगायला मला तोंड राहिलं नसतं.

पण पुढच्या बारीला घोटाळा झाला. आम्ही दोघीही एकाच दिवशी सोप्यात. चुलीला हात लावायला बाईमाणूस उरलं नाही. मामंजींनी बाह्या सरसावल्या आणि आत गेले. फौजेच्या लंगरमध्ये, म्हणजे भटारखान्यात, शंभर जवानांना पुरेल तेवढ्या मापानं त्यांना डाळ शिजवता यायची, त्याहून कमी मापाची सवय नव्हती. तीन दिवस आम्ही डाळ खाल्ली, शेजाऱ्यांनी डाळ खाल्ली, शेवटी म्हशींनीही खाल्ली. भाकरीच्या नावानं जे काही त्यांनी थापलं, त्याला चार कोपरे होते. तिसऱ्या दिवशी ताटं सरकवताना ते म्हणाले, "म्हैन्यात ही तिसरी रजा. फौजेत बी अशी रजा मिळत न्हाई. ह्ये बरोबर न्हाई." आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. बोलले मात्र ते खरं. आमच्या तिघांत पहिल्यांदा त्यांनाच ते खटकलं होतं.

त्यानंतर मी चार दिवस साताऱ्याला माहेरी गेले. आई गवार मोडत बसली होती. मी तिला सगळं रंगवून सांगितलं: केळीचे खांब, पाळणा, चार कोपऱ्यांच्या भाकऱ्या. आईही हसली. मग तिचा हात थांबला.

"पाळी जाऊन किती वर्षं झाली होती म्हणालीस?"

"सात."

आईनं गवारीची परात बाजूला ठेवली. माझी थोरली मावशी माझ्या लहानपणी वारली, हे मला माहीत होतं. कशानं, ते कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी आईनं सांगितलं. मावशीलाही असंच पाळी गेल्यानंतर पुन्हा लागायला लागलं होतं. तिनं दीड वर्ष लपवलं. घरात वेगळं बसायची पद्धत नव्हती, त्यामुळे कुणाला समजलंही नाही. समजलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले.

"उद्याच्या गाडीनं परत जा," आई म्हणाली. "आणि त्यांना सांगलीला घेऊन जा."

मी घाबरले. सासूचं आणि माझं रोज वाजायचं, पण त्या रात्रीच मी बोचकं बांधून उशाशी ठेवलं. ओटी भरताना मी खिरीत वेलदोडा जास्त घातला होता, हे उगाचच आठवत राहिलं.

आता प्रश्न असा, की तरुणपण परत आलंय म्हणून मिरवणाऱ्या बाईला दवाखान्यात न्यायचं कसं? मी युक्ती काढली. सांगलीच्या गणपतीला जाऊ म्हणाले. आत्याबाई एका पायावर तयार. नवं लुगडं नेसायला काढलं, मामंजींनी एस.टी.ची वेळ विचारून ठेवली, आणि निघायच्या सकाळी आत्याबाई पुन्हा सोप्यात.

"आता देवळाला कशी येऊ?" त्या हिरमुसून म्हणाल्या. "तुमी दोघं जाऊन या."

माझी लबाडी अशी त्यांच्याच नेमधर्मात अडकली. मग खरं बोलण्यावाचून इलाज राहिला नाही. "आत्याबाई, देवळाला नाही जायचं. दवाखान्याला जायचंय."

"असल्यात दवाखाना चालतोय व्हय?"

"असल्यातच चालतो."

त्या उठल्या आणि लुगडं नेसल्या. का कबूल झाल्या, ते त्यांनी पुढे सांगितलं. गेले महिनाभर त्यांच्या ओटीपोटात जडपणा होता आणि त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला फटकळ आणि हाताला हलक्या. मी सोबत नेलेलं कॅलेंडरचं पान त्यांनी नीट पाहिलं आणि "कुणी केलं हे?" असं विचारलं. मी केलं म्हणताच त्यांनी माझी पाठ थोपटली. टिंबं कशासाठी काढली होती, ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी आत्याबाईंना तपासलं, रक्तदाब घेतला, लघवी बघितली. रक्तदाब वाढलेला आणि लघवीत साखर निघाली.

"मावशी, ही पाळी नाही," त्या म्हणाल्या. "पाळी थांबून वर्ष उलटलं, की ती परत येत नसते. त्यानंतर एक डाग दिसला तरी दाखवायला यायचं. पुष्कळदा साधंच काहीतरी निघतं, पण बघितल्याशिवाय ते कळत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गर्भाची पिशवी असते. तिला आतून अस्तर असतं. ते दर महिन्याला जाड होतं आणि मूल राहिलं नाही तर गळून पडतं. पाळी गेल्यावर त्यानं पातळ होऊन गप्प बसायचं असतं. कधी कधी ते बसत नाही, वाढत सुटतं. अंगानं जाड असलेल्या, साखर आणि रक्तदाब असलेल्या बायकांत ते जास्त दिसतं.

आत्याबाईंनी मान डोलावली. "म्हंजे दर म्हैन्याला सारवायचं आन् पोपडा निघाला की परत सारवायचं. आन् आता घर मोकळं झालं तरी कुनीतरी थरावर थर सारवतच बसलंय."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "हे मला कॉलेजात कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी भूल देऊन त्यांनी ते अस्तर आतून खरवडून काढलं आणि तपासायला पाठवलं. दहा-बारा दिवसांनी निकाल घ्यायला या म्हणाल्या.

निकालाच्या दिवशी त्यांनी मामंजींना आणि मला आत बोलावलं. आत्याबाई बाहेर बाकावर भडंग खात बसल्या होत्या. अस्तराचा कॅन्सर होता. डॉक्टरीणबाईंना वाटत होतं, की तो अजून पिशवीच्या आतच असावा. पिशवी आणि शेजारचे दोन्ही बीजकोश काढून टाकले, तर बाई वाचण्याची चांगली आशा आहे, असं त्या म्हणाल्या. "रक्त दिसलं आणि तुम्ही लवकर आलात, हे नशीब समजा," असंही म्हणाल्या. मला लवकर आलो असं वाटत नव्हतं.

बाहेर पडण्याआधी मामंजींनी मला दारातच थांबवलं. "त्येचं नाव घरात काढायचं न्हाई," ते म्हणाले. "त्या नावानंच मानूस अर्धं मरतंय. गाठ हाय म्हनून सांगू."

तेव्हा सगळीकडे असंच होतं. कॅन्सर हा शब्द कुणी रोग्यासमोर उच्चारत नसे. मीही मान हलवली. पण आत्याबाईंना गाठ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "केवढी?" मामंजींनी बोटाचं पेर दाखवलं. "येवढ्याशा गाठीला पोट फाडायचं?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तिला तितंच. पिशवी काढल्यावर बाई बाई ऱ्हात न्हाई." झालं. त्या हलायला तयार होईनात. मामंजी दिवसातून दोनदा विनवायचे आणि दोनदा हरायचे. एक आठवडा गेला, दुसराही गेला. त्यांच्या पोटात काय चाललंय ते ठाऊक असूनही तोंड मिटून बसायचं, हे मला सोसवेना.

शेवटी एका सकाळी आम्ही दोघी उसात भांगलत होतो. मी खुरपं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. गाठ नाही, कॅन्सर आहे. माझी मावशी त्यानंच गेली. आता काढली तर तुम्ही वाचाल, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात.

आत्याबाईंनी भांगलण थांबवली नाही. सरीच्या टोकापर्यंत तण काढत गेल्या, आणि मी तिथंच मातीत बसून राहिले. त्यांना काही झालं तर ते माझ्या जिभेमुळे, असं वाटत होतं. टोकाला पोचल्यावर त्या वळल्या आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"मामंजी म्हणाले, नाव काढायचं नाही."

"त्येंच्या पोटात हाय का माझ्या?"

मी रडायला लागले. मग त्याही रडल्या, पण थोडंच. पदरानं आधी माझं नाक पुसलं आणि मग स्वतःचं.

"लय भ्या वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "पर आता कळलं तरी कशाचं भ्यायचं ते. काढा म्हनावं. पेरनी झाल्यावर पाभर कुनी खांद्यावर घिऊन फिरत न्हाई." आणि खुरपं उचलत, "घरला जाऊन त्या हवालदाराचं कोर्टमार्शल करते आदी."

ते कोर्टमार्शल मी दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही सांगलीला निघालो.

ऑपरेशनला अडीच तास लागले. नवऱ्याला रजा मिळायला वेळ होता, त्यामुळे बाहेर मामंजी आणि मीच. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, "नीट पार पडलं" म्हणाल्या आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे काढलेली पिशवी ट्रेमध्ये घालून आम्हाला दाखवली. मामंजी वाकून बघत राहिले.

"येवढीशीच?" त्यांनी विचारलं. "माजी चार पोरं हितं हुती?"

"हितंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामंजी ताठ उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली आणि भिंतीकडे तोंड करून, खांदे हलतील असं रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुनेनं सासऱ्याला असा हात लावायची आमच्यात रीत नव्हती, पण तो त्यांनी झटकला नाही.

रोग अस्तरातच होता, फार तर भिंतीला जरा लागलेला. पुढं किरणांची लाईट वगैरे द्यावी लागली नाही, नुसतं तपासणीला जात राहायचं. आत्याबाईंनी साखर सोडली, म्हणजे चहातली सोडली. गुळाला डॉक्टरीणबाई साखर म्हणत असतील, हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. आणि बरं वाटायला लागल्यावर त्यांनी एक उद्योग सुरू केला. विहिरीवर, लग्नात, बाजारात, जिथं चार प्रौढ बायका दिसतील तिथं त्या विचारायच्या, "तुमची गेलीया का? मंग परत लागलं का कवा? लागलं तर मिरवू नगा. मी मिरवलं." कुणी तोंडाला पदर लावायची, कुणी उठून जायची. मामंजी मात्र कानांवर हात ठेवायचे. "बाजारात तरी नको गं," असं कळवळून म्हणायचे. गावात मान खाली घालून चालायची वेळ आणली म्हणून कुरकुरायचे.

पुढच्या वर्षी ते रहिमतपूरला आपल्या थोरल्या बहिणीकडे गेले. विधवा बहीण, पासष्टीच्या घरातली. दोन दिवस राहून येणार होते, ते दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात उभे. मागे त्यांची बहीण, हातात कपड्यांचं बोचकं. मामंजींचा डावा गाल लाल दिसत होता. आत्याबाईंच्या वन्सं आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. आत्याबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि मामंजींना सोप्यात गाठलं.

"काय झालं?"

"जेवायला बसलो," मामंजी म्हणाले. "पान सुनेनं वाढलं. आक्का लांब बसून बगत हुती. म्या विचारलं, आक्का, तू का वाढत न्हाईस? तर गुडघं दुकत्यात म्हनाली. चाळीस वर्सांत भाऊ आल्यावर तिनं दुसऱ्याच्या हातनं कवा वाढू दिलं न्हाई. ताप असला तरी वाढायची."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग म्या सुनेला भाईर घालवली आनि तिला विचारलं. तुला परत लागतंय का, म्हनून. सख्ख्या भनीला."

आत्याबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. "मंग?"

"मंग काय, तिनं माझ्या थोबाडीत मारली," मामंजी म्हणाले. "आनि खाली बसली. आनि मंग व्हय म्हनाली."